बालाघाटाचे बिनपगारी वकील

धाराशिव जिल्ह्यात पाहुणा आला की त्याच्यापुढं दोन गोष्टी न मागता येतात. एक चहा आणि दुसरे मास्तर. चहाला निदान ‘आत्ताच झाला’ म्हणून टाळता येतं.

मास्तरांनी शाळेत कधी खडू हातात धरला नाही. ते एसटीत वाहक होते, आणि वाहकाला मास्तर म्हणायची आमच्याकडची जुनी रीत. नोकरी संपली, खाकी कपडे सुटले, तिकिटांची पेटी जमा झाली; पण उभा जन्म ज्या रस्त्यांवर ‘चला, पुढं सरका’ करत काढला, ते रस्ते काही सुटले नाहीत. निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, नातवंडं सांभाळतात, फार तर ग्रामपंचायतीला उभी राहतात. मास्तरांनी बालाघाटाच्या डोंगराचं वकीलपत्र घेतलं. अशिलानं मागितलं नव्हतं, फी ठरली नव्हती, विरुद्ध बाजूला नेमकं कोण आहे हेही स्पष्ट नव्हतं. तरी खटला रोज चालतो.

हा एकटाच नमुना आहे असं समजू नका. पाऊस कमी पडणाऱ्या प्रत्येक मुलखात असा एक गृहस्थ असतोच. कोकणात तो सापडायचा नाही, कारण तिथं समुद्र आपली बाजू आपणच मांडतो. आमच्या डोंगराला बोलता येत नाही, म्हणून मास्तर बोलतात. आणि ते बोलायला लागले की न बोलणारा डोंगरच बरा वाटायला लागतो.

विरुद्ध पक्षाचा पहिला गुन्हा म्हणजे ‘दुष्काळी’ हा शब्द. शेजारच्या घरी पुण्याचे जावई पहिल्यांदा आले होते. पंगतीत बसल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, “तुमचा भाग तसा दुष्काळीच, नाही का?” पलीकडच्या पाटावरून आवाज आला, “हरकत हाय.”

जावयाचा घास हातातच राहिला.

“सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो इथं,” मास्तर म्हणाले. “जैसलमेरला ह्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका बी पडत न्हाई. तिथं लोकं पैसे भरून वाळू बघायला जातात. तिथं तुमी म्हणता वाळवंट, लई सुंदर. हितं म्हणता दुष्काळी. हा कुठला न्याय? आन् आमचा पाऊस आडवतंय कोण? सह्याद्री. सगळे ढग महाबळेश्वराला उतरवून घेतात, पाच हजार मिलिमीटरच्या वर. उरलंसुरलं आमच्याकडं पाठवतात. आन् आमालाच नावं ठेवतात!”

जावयांनी महाबळेश्वराच्या वतीनं माफी मागितली, तेव्हा कुठं पुढची पोळी वाढली गेली. महाबळेश्वर हा मास्तरांच्या खटल्यातला कायमचा प्रतिवादी आहे. तिथल्या स्ट्रॉबेरीचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा कडू होतो. “दगड तोच,” ते म्हणतात. “निसतं वर हिरवं पांघरूण घातलंय. पांघरूण काढा आन् मग बोला.”

हे ज्ञान मास्तरांनी कुठल्या महाविद्यालयात मिळवलं नाही. त्यांचं विद्यापीठ चाकांवर होतं. मागच्या बाकांवर पहार-घण घेऊन विहिरी खोदणारे वडार बसायचे. जीप बंद पडली की भूजल सर्वेक्षणाचे साहेब पुढच्या बाकावर यायचे. मागचे म्हणायचे, आज मांजऱ्या लागला. पुढचे म्हणायचे, सच्छिद्र बेसॉल्ट लागला. तिकीट फाडता फाडता मास्तरांच्या ध्यानात आलं की ही दोन्ही माणसं एकाच खडकाबद्दल बोलतायत, फक्त भत्ता वेगवेगळा घेतायत. मग त्यांनी दोघांना शेजारी बसवलं आणि स्वतः दांडीला धरून ऐकत राहिले. त्या दिवसांत त्यांच्या गाडीतले बरेच प्रवासी एक थांबा पुढं उतरले, अशी तक्रार जुनी माणसं अजून सांगतात.

त्यामुळं मास्तरांचं भूशास्त्र एसटीच्या भाषेत चालतं. सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाला तेव्हा ठिकठिकाणी डोंगर कापले गेले. झाडं गेली म्हणून सगळे हळहळले. मास्तरही हळहळले, पण कापलेला डोंगर बघून त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती काही लपली नाही. आता तुळजापूर ते येडशी या रस्त्यावर मास्तर गाडीत असले की गाडी वेळेवर पोचत नाही. असं एखादं कापकाम दिसलं की ते डॅशबोर्डावर दोनदा टकटक करतात. चालक कितीही मोठा अधिकारी असो, त्या आवाजाला गाडी थांबतेच.

“हे बघा,” मास्तर कठड्यापाशी उभे राहून सांगतात, मागून ट्रक कानठळ्या बसवत जात असतात. “सहा कोटी साठ लाख वर्षांमागं जमीन फाटली आन् आतनं लाव्हा निघाला. एकदाच न्हाई, पुन्हा पुन्हा. हा खालचा थर म्हंजी पहिली ट्रिप. मग मुक्काम. लई वर्षं गाडीच न्हाई. तेवढ्यात ह्या थराचा माथा सडला, माती झाली. मग दुसरी ट्रिप आली, तिनं ती माती भाजून लाल केली. हा लाल पट्टा दिसतोय? गेरू. हा मधला थांबा. मग ही दुसरी ट्रिप. अशा ट्रिपा करत करत आजमितीला पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख ह्या दगडाखाली हाय. आमच्या आख्ख्या महामंडळाला एवढा पल्ला झेपला न्हाई.”

यातलं काहीच खोटं नाही, हीच पंचाईत आहे. खोटं बोलणाऱ्याला थांबवता येतं. दख्खनचा लाव्हा खरंच थरांवर थर चढत साचला. म्हणून बालाघाटाला टोकदार शिखरं नाहीत. माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे. प्रत्येक थराचा तळ घट्ट काळा पाषाण, आणि माथा वायूच्या बुडबुड्यांनी भोकाभोकांचा. त्या भोकांत पुढं गारगोट्या आणि पांढरे स्फटिक भरले. “इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपल्याकडनं असले खडे रोमला जात होते,” असं मास्तर हातातली गारगोटी फिरवत सांगतात. त्या काळच्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात खडे पैठणचे आहेत आणि आपल्या तेरचं, म्हणजे तगरचं, कापड आहे. हे निदर्शनाला आणून दिलं तर मास्तर म्हणतात, “पैठणला कोण परकं हाय?” चांगला वकील खोटा पुरावा देत नाही, खरा पुरावा जरा आपल्या बाजूला सरकवून ठेवतो.

या अशिलावर खुनाचाही आरोप आहे. डायनासोर ज्या सुमाराला संपले त्याच सुमाराला दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता. त्याच्या धुरानं आणि वायूनं हवामान बिघडलं, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. बाकीचे मेक्सिकोत आदळलेल्या अशनीवर ठपका ठेवतात. मास्तरांचा कौल कुणाकडं, हे सांगायला नकोच. “सरळ सरळ मेक्सिकोची केस हाय,” ते म्हणतात. “दगड वरनं तिकडं पडला. आमी हितं आमच्या घरी शांतपणे लाव्हा सांडत होतो.”

तुळजापूरला मास्तरांबरोबर दर्शनाला जाणं ही वेगळी तपश्चर्या आहे. रांगेत उभे राहिले की लोक देवीचं नाव घेतात, मास्तर पायऱ्या न्याहाळतात. बाकी देवळं चढून जायची, हे उतरून जायचं, म्हणजे देवी डोंगराच्या कुशीत बसली आहे, हा त्यांचा पहिला मुद्दा. गोमुखाचं पाणी अंगावर घेत भाविक डोळे मिटतात, तेव्हा यांचा दुसरा मुद्दा सुरू होतो: वरच्या सच्छिद्र थरात मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं आणि आडवं बाहेर पडतं, असे झरे या डोंगरात जागोजागी आहेत. मागच्या बाई म्हणाल्या, “अहो, आईची कृपा आहे ती.” मास्तर म्हणाले, “व्हय की. पण आईनं थर बघून केलीय.”

घाटशीळेवर मात्र ते दोन्ही हात जोडतात. याच शिळेवर उभं राहून देवीनं सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला वाट दाखवली, अशी कथा आहे. “दगडावर उभं राहून पाहुण्याला रस्ता सांगायचा,” मास्तर मान डोलावत म्हणतात, “आमच्या खात्याची कुलदेवताच ही.” येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेला तर ते न चुकता जातात. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत तिथं चुन्याच्या रानात भाविक चुनखडीचे खडे वेचतात. लाखो माणसं एकाच वेळी वाकून जमिनीकडं बघतायत, हे दृश्य मास्तरांना वर्षभर पुरतं. इतर दिवशी जिल्ह्यात तेवढं ते एकटेच करतात.

घरचं मत वेगळं आहे. काकू म्हणतात, “लग्नात ह्यांनी मला बघितलंच न्हाई. मांडवामागची टेकडी बघत होते.” घरातल्या आल्बममध्ये काकूंचे पुष्कळ फोटो आहेत, पण प्रत्येकात त्या एका कड्याला टेकून ताठ उभ्या आहेत. भूशास्त्राचे लोक खडकाची उंची कळावी म्हणून शेजारी हातोडा ठेवतात. मास्तरांनी काकू ठेवल्या. काकू बरोबर पाच फूट. धाराशिव लेण्यांच्या दारात काकू, परांड्याच्या खंदकात काकू, रामलिंगच्या ओढ्यात काकू. एका फोटोत त्यांचं डोकं कापलं गेलंय. “माथ्यावरचा गेरू यायला पायजे होता,” एवढंच स्पष्टीकरण मिळालं.

मास्तरांच्या वकिलीचा कस लागला तो भाचा अमेरिकेहून आला तेव्हा. त्यानं टीव्हीला फोन जोडला आणि ॲरिझोनातले फोटो सुरू केले. लालभडक कडे, खाली सुतासारखी नदी. सगळं घर ‘अगं बाई’ करत होतं. मास्तर मांडी घालून गप्प.

“मामा, हे ग्रँड कॅन्यन. मैलाहून जास्त खोल आहे.”

“दगड कसला हाय?”

“वाळूचा, चुन्याचा, शेलचा. थर दिसतायत ना?”

“म्हंजी गाळ.”

“गाळ काय म्हणताय मामा? जगातलं आश्चर्य आहे ते!”

“आसू दे की. पण गाळच. पाण्याखाली बसलेला. आमचं बेणं आगीतलं हाय.”

भाचा इंजिनिअर होता. त्यानं वाचलेलं होतं. “पण मामा, अगदी तळाचा खडक पावणेदोनशे कोटी वर्षांचा आहे. तुमचे साडेसहा कोटी म्हणजे त्याच्यापुढं कालचं पोर.”

घरात शांतता झाली. काकूंच्या चेहऱ्यावर प्रथमच आशा दिसली. मास्तरांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली.

“शेजारी किल्लारीला सरकारनं भोक पाडून बघितलंय,” ते म्हणाले. “338 मीटर आमचा काळा दगड. त्याच्या खाली जुना खडक, अडीचशे कोटींच्या आसपासचा. तुमच्यापेक्षा थोरला. फक्त आमी तो उघडा टाकून बसलेलो न्हाई.”

भाच्यानं फोनची वायर काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यालाच नळदुर्गला जावं लागलं. नळदुर्ग हा मास्तरांचा हुकमी साक्षीदार. बोरी नदीनं कोरलेल्या काळ्या कातळावर किल्ला उभा आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात नदीच्या पात्रात दगडी बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. नदी भरून वाहिली की पाणी बंधाऱ्यावरून दोन धारांनी कोसळतं, ते नर-मादी धबधबे. सज्जात कोरडं उभं राहून पुढ्यात पडणारं पाणी बघायचं. ब्रिटिश अमदानीत 1850च्या दशकात इथला कारभार पाहणारा मेडोज टेलर, ठगावरच्या कादंबरीचा लेखक, तोही या जागेत रमला होता. मास्तर त्याला ‘टेलरसाहेब’ म्हणतात, जणू तो मागच्या महिन्यात बदलून गेला.

अडचण इतकीच की मे महिना होता. बोरीत शेवाळ, बंधारा कोरडा ठाक, दगड तव्यासारखा तापलेला. मास्तर डगमगले नाहीत. पाणीमहालाच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी उजवा हात उंच धरला. “हा नर.” मग डावा. “ही मादी.” आणि दोन्ही हात खाली आणत तोंडानं असा काही घोष केला की वरच्या कबुतरांनी जागा सोडली. घामानं निथळणारा भाचा बघत होता. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीनं विचारलं, “आजोबा, पाणी कुठाय?”

“पाणी रजेवर हाय बाळा. जागा बघ तू.”

त्या पोरीनं खरंच जागा बघितली. दगडाच्या घडणीवर हात फिरवला, चिऱ्यांच्या फटी मोजल्या, आणि संध्याकाळपर्यंत मास्तरांचं बोट सोडलं नाही. मास्तरांना आयुष्यात मिळालेला हा पहिला निकाल.

बालाघाटाच्या माथ्यावर एक जागा त्यांची विशेष आवडती. तिथं उभं राहून ते पेल्यातलं पाणी दोन बाजूंना सांडतात. एका बाजूचं पाणी बोरीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत जातं. दुसऱ्या बाजूचं तेरणेतून मांजरेत, मांजरेतून गोदावरीत. “दोन्ही पोरं आंध्रात नोकरीला,” मास्तर म्हणतात. “घरी कुणी थांबत न्हाई.” हसून झाल्यावर कळतं की या एका वाक्यात जिल्ह्याचं पाणी आणि जिल्ह्याची माणसं दोन्ही आली.

कारण सगळी गंमत वजा केली तरी एका बाबतीत मास्तर शंभर टक्के खरे ठरतात: पाणी. आमच्याकडं उन्हाळ्यात तमिळनाडूच्या पाटीची बोअरची गाडी गावात शिरली की मास्तर काठी घेऊन बाहेर पडतात. नारळ तळहातावर आडवा धरून पाणाड्या फिरत असतो, मालकाचं मन सातशे फुटांवर गेलेलं असतं. मास्तर सांगतात, “मुरमात पाणी हाय, मांजऱ्यात पाणी हाय, दोन थरांच्या सांध्यात पाणी हाय. खालच्या काळ्या पाषाणात भेग नसली तर फक्त पैसा जातो. आधी पाणी मुरू द्या. बांध घाला, नाला अडवा. वरनं भरलं न्हाई तर खालनं काय निघणार?” मालक ऐकत नाही. मशीन रात्रभर गर्जतं, सकाळी सगळ्या गल्लीच्या पापण्यांवर पांढरी भुकटी असते. भोकातून निघतो तो फुफाटा. मग मालक मास्तरांवरच चिडतो, की तुम्ही अपशकुन केला. डोंगराच्या वकिलाला पक्षकार मिळत नाहीत, ते असे.

एक प्रकरण मात्र मास्तर चालवत नाहीत. लोहारा तालुक्यातल्या सास्तूरच्या रस्त्याला गाडी लागली की त्यांची बडबड बंद होते. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे चारच्या सुमाराला, गणपती बोळवून लोक नुकते निजले होते, तेव्हा जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी. लातूर आणि धाराशिव मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. दख्खनचं पठार म्हणजे अढळ, असं तोवर सगळे मानत. त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसं मेली ती मुख्यतः घराखाली. मातीत बसवलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचं मातीचं ओझं. त्या मार्गावर मास्तरांची गाडी असायची. कुठल्या थांब्यावर कोण चढतं, कुणाकडं सुटे नसतात, हे त्यांना पाठ होतं. नंतर शास्त्रज्ञांनी तिथं ते भोक पाडलं, ते या भूकंपामुळंच. मास्तर एवढंच म्हणतात, “दगड कळला पायजे. कळला न्हाई तर तो मारतो.” याच्या पुढं ते अशिलाची बाजू घेत नाहीत, आणि आपणही विचारू नये.

मास्तरांबरोबर प्रवास करणं कठीण, जेवणं त्याहून कठीण, आणि लग्नात त्यांच्या शेजारी बसणं तर अशक्य, कारण अक्षता पडत असतानाही ते कार्यालयाची फरशी शहाबादी की कडप्पा, हे कानात सांगत असतात. पण जिल्ह्याचं नाव बदललं, रस्ते बदलले, सरकारं बदलली. पायाखाली काय आहे याची चौकशी करणारा माणूस हाच. आमच्या बाकीच्यांची मान एकतर ढगाकडं वर, नाहीतर बँकेच्या नोटिशीवर खाली.

तेव्हा या. तुळजापूरचं दर्शन घेऊन लगेच सोलापूरची गाडी धरू नका. श्रावण-भाद्रपदात, चार सरी पडून गेल्यावर, येडशीच्या रामलिंगला जा. ओढा वाहत असेल, जटायूची समाधी आहे, माकडांपासून पिशवी सांभाळा. धाराशिवची लेणी बघा. बोरीला पाणी आलंय अशी खबर लागली की दुसरं काही न बघता नळदुर्ग गाठा. पाण्याची बाटली आपली आपण आणा, ‘दुष्काळी’ हा शब्द स्टँडवर ठेवून या, आणि महाबळेश्वराला जाऊन आला असलात तर कृपा करून कुणाला सांगू नका.